ताऱ्याहूनही जुने रेणू

भुजंगधारी तारकासमूहात, आपल्यापासून सुमारे साडेचारशे प्रकाशवर्षांवर, निदान दोन तारे जन्माला येत आहेत. त्यांच्याभोवती धुळीचं आवरण इतकं दाट आहे की साध्या प्रकाशात ते दिसतच नाहीत. आयआरएएस १६२९३-२४२२ हे त्यांचं यादीतलं नाव. २०१२ मध्ये येस यॉर्गेनसन आणि सहकाऱ्यांनी चिलीतल्या आल्मा या रेडिओ दुर्बिणीच्या मदतीने त्यांच्यापैकी एकाभोवतीच्या वायूत ग्लायकोलाल्डिहाइड हा रेणू शोधला. त्यात कार्बनचे दोन, ऑक्सिजनचे दोन आणि हायड्रोजनचे चार अणू असतात. शर्करेच्या कुळातला हा सर्वांत साधा रेणू, आणि आरएनए, म्हणजे सजीवांतला माहिती वाहून नेणारा रेणू, घडण्याकडे जाणाऱ्या रासायनिक वाटेवरचा एक टप्पा.

हाच रेणू २००० साली आकाशगंगेच्या केंद्राजवळच्या एका अवाढव्य ढगात सापडला होता. त्यामुळे 'अंतराळात साखर' ही काही २०१२ ची नवी गोष्ट नव्हती. नवी होती ती जागा. सूर्यापासून युरेनस जितका दूर आहे, साधारण तितक्याच अंतरावर हा वायू होता, आणि तो ताऱ्याच्या दिशेने आत कोसळत होता. म्हणजे जिथे पुढे ग्रह घडू शकतात, नेमक्या त्याच भागात हा माल पोहोचत होता.

तो आला कुठून? तारा पेटण्याच्या कितीतरी आधी तिथे फक्त थंड, काळा ढग असतो. तापमान उणे २६३ अंश सेल्सिअसच्या आसपास. एका घनसेंटिमीटरमध्ये काही हजार ते काही लाख रेणू. आपण श्वासात घेतो त्या हवेच्या तेवढ्याच जागेत सुमारे अडीच लाख कोटी कोटींचा आकडा असतो, तो याच्या तुलनेत ठेवून पाहा. इतक्या विरळ वायूत, इतक्या थंडीत दोन रेणू भेटून काही घडवतील याची शक्यता फारच कमी. पण ढगात धूळ असते. कण मिलिमीटरच्या दहा-हजाराव्या भागाएवढे, वाळूच्या जातीच्या खनिजांचे किंवा कार्बनचे. वायूतले रेणू या कणांवर येऊन चिकटतात आणि कणाभोवती पाण्याच्या, कार्बन मोनॉक्साइडच्या, अमोनियाच्या बर्फाचा थर चढतो.

खरी रसायनशाळा हीच. एवढ्या थंडीत कार्बन मोनॉक्साइडचा रेणू जागचा हलत नाही, हायड्रोजनचा सुटा अणू मात्र हलका असल्यामुळे बर्फावर भटकत राहतो. एका कणावर असा अणू येतो साधारण दिवसा-दोन दिवसांनी एखादा. तो कार्बन मोनॉक्साइडला भेटतो, आणि अभिक्रियेच्या आड येणारा ऊर्जेचा अडथळा ओलांडण्याइतकी ऊब नसतानाही पुंज (क्वांटम) यांत्रिकीच्या नियमांनुसार त्या अडथळ्यातून आरपार जातो. मग दुसरा अणू येतो, तिसरा, चौथा. कार्बन मोनॉक्साइडचं आधी फॉर्मल्डिहाइड होतं आणि मग मिथेनॉल. घाई कसलीच नाही, ढगाकडे लाखो वर्षं असतात. जपानमधल्या होक्काइदो विद्यापीठात आणि नेदरलँड्समधल्या लायडनमध्ये निर्वात पेटीत असाच बर्फ गोठवून, त्यावर हायड्रोजनचे अणू सोडून ही साखळी प्रत्यक्ष घडताना पाहिली गेली आहे. मधल्या टप्प्यांवरचे अर्धवट तुकडे एकमेकांना जोडले गेले की ग्लायकोलाल्डिहाइडसारखे मोठे रेणू मिळतात. २००२ मध्ये तर दोन स्वतंत्र गटांनी अशा बर्फावर अतिनील किरण टाकून त्यातून अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांचे घटक, मिळवून दाखवली.

पुढे ढगाचा गाभा स्वतःच्याच गुरुत्वाने आकुंचन पावतो, तारा तापू लागतो, जवळच्या कणांवरचा बर्फ उडून जातो आणि त्यात अडकलेले रेणू वायूत मोकळे होतात. मोकळे झाले की ते गिरक्या घेतात, आणि इथे आपल्याला संधी मिळते. रेणूला वाटेल त्या वेगाने फिरता येत नाही, ठरावीकच पायऱ्या असतात. वरच्या पायरीवरून खाली येताना तो नेमक्या कंप्रतेची रेडिओ लहर सोडतो. प्रत्येक रेणूचा असा कंप्रतांचा स्वतःचा संच असतो, आणि तो पृथ्वीवरच्या प्रयोगशाळेत आधी मोजून ठेवता येतो. या लहरी हवेतली वाफ शोषून घेते, म्हणून आल्माच्या ६६ अँटेना अटाकामाच्या कोरड्या पठारावर, ५,००० मीटर उंचीवर उभ्या केल्या आहेत.

ऐकायला हे सोपं वाटतं, प्रत्यक्षात अजिबात नाही. आयआरएएस १६२९३ च्या वर्णपटात दहा हजारांहून अधिक रेषा, म्हणजे अशा एकेका कंप्रतेच्या खुणा, आहेत, एकीवर एक चढलेल्या. त्या गर्दीत हवी ती रेषा 'दिसणं' फार सोपं असतं. २००३ मध्ये ग्लायसिन, म्हणजे सर्वांत साधं अमिनो आम्ल, ताऱ्यांच्या जन्मस्थळी सापडल्याचा दावा झाला होता. दोन वर्षांनी दुसऱ्या गटाने तो तपासला. ग्लायसिन खरोखर असेल तर ज्या आणखी रेषा दिसायलाच हव्या होत्या, त्या गैरहजर होत्या. ताऱ्यांमधल्या वायूत ग्लायसिन आजवर निर्विवादपणे सापडलेलं नाही. मला या क्षेत्राबद्दल विश्वास वाटतो तो अशा तपासण्यांमुळे. काही रेषा जुळल्या एवढ्यावर इथे भागत नाही, असायला हव्यात त्या सगळ्या दाखवाव्या लागतात.

ताऱ्याभोवती नंतर वायू आणि धुळीची चपटी तबकडी बनते आणि तिच्यात ग्रह घडतात. तिथे हे रेणू शोधणं आणखी कठीण, कारण ताऱ्यापासून दूर, थंडीत ते पुन्हा बर्फात कोंडलेले असतात. तरी २०१५ मध्ये कॅरिन ओबर्ग आणि सहकाऱ्यांना वृषभ तारकासमूहाजवळच्या एमडब्ल्यूसी ४८० या जेमतेम दहा लाख वर्षं वयाच्या ताऱ्याच्या तबकडीत मिथाइल सायनाइड मिळालं. त्यात कार्बन आणि नायट्रोजन एकमेकांना जोडलेले असतात, आणि अमिनो आम्लांच्या दृष्टीने ते मोलाचं आहे. २०२२ मध्ये आयआरएस ४८ या ताऱ्याच्या तबकडीत नऊ अणूंचं डायमिथाइल इथर आढळलं. या तबकडीत काजूच्या आकाराचा एक पट्टा आहे, तिथे बर्फाळ धूळ अडकून साचते, आणि ताऱ्याच्या उन्हाने तिच्या कडेवरचा बर्फ उडतो.

पण माझ्या मते सगळ्यांत बोलका तारा आहे मृग तारकासमूहातला व्ही८८३ ओरायनिस, १,३०० प्रकाशवर्षांवरचा. तो सध्या उफाळलेला, म्हणजे नेहमीपेक्षा कितीतरी तेजस्वी झालेला आहे. त्याच्या उष्णतेने तबकडीतल्या पाण्याच्या बर्फाची सीमा, म्हणजे हिमरेषा, प्लूटोच्या कक्षेइतकी दूर ढकलली गेली आहे. एरवी बर्फात लपलेला साठा त्यामुळे वायूत आला, आणि त्यात मिथेनॉल, अ‍ॅसिटोन असे रेणू मिळाले. २०२३ मध्ये जॉन टोबिन आणि सहकाऱ्यांनी तिथल्या पाण्याची वाफ मोजली. ती पृथ्वीवरच्या सगळ्या महासागरांच्या किमान १,२०० पट भरली. त्याहून महत्त्वाचं म्हणजे या पाण्यात साध्या हायड्रोजनच्या जागी जड हायड्रोजन, म्हणजे ड्युटेरियम, किती आहे तेही त्यांनी मोजलं. पाण्यात ड्युटेरियम जास्त शिरतं ते कडक थंडीत, ढगाच्या अवस्थेत. पाणी तबकडीत मोडून नव्याने घडलं असतं तर ही खूण पुसली गेली असती. ती पुसलेली नाही. तिथलं प्रमाण आदिताऱ्यांभोवतीच्या, म्हणजे अजून घडत असलेल्या ताऱ्यांभोवतीच्या, पाण्याशीही जुळतं आणि आपल्याकडच्या धूमकेतूंशीही. याचा अर्थ ढगातलं पाणी मोठ्या प्रमाणावर जसंच्या तसं तबकडीत उतरलं. आपल्या समुद्रातही ड्युटेरियमचं प्रमाण सूर्याच्या मूळ हायड्रोजनपेक्षा कित्येक पट जास्त आहे, म्हणजे त्यातलं काही पाणी सूर्याहून जुनं असणार. पाणी असं टिकून येत असेल, तर त्याच बर्फात गोठलेलं मिथेनॉलही येऊ शकतं.

आपल्या सूर्यमालेतले पुरावे याला धरूनच आहेत. ६७पी या धूमकेतूभोवती रोझेटा यानाला ग्लायसिन आणि फॉस्फरस मिळाले. बेन्नू या लघुग्रहावरून २०२३ मध्ये आणलेल्या १२१.६ ग्रॅम मातीत, जीवसृष्टी प्रथिनांसाठी वापरते त्या २० अमिनो आम्लांपैकी १४ सापडली, शिवाय डीएनए आणि आरएनएमधले पाचही बेस, म्हणजे त्यांच्या संकेताची अक्षरं. मात्र याला सजीवांची खूण समजू नये. अमिनो आम्लांची बहुधा डाव्या-उजव्या हातांसारखी, एकमेकांची आरशातली प्रतिमा असलेली दोन रूपं असतात; सजीव जवळजवळ फक्त 'डावखुरी' वापरतात, आणि बेन्नूवर डावी-उजवी साधारण सारखीच निघाली. निवड पुढे कधी आणि कशामुळे झाली, हा प्रश्न त्यामुळे आणखी टोकदार झाला आहे.

तारे आणि धूमकेतू यांच्या मधली कडी आता भरली जात आहे. जेम्स वेब दुर्बीण अवरक्त किरणांत थेट बर्फच पाहते, आणि २०२४ मध्ये तिच्या निरीक्षणांतून तरुण ताऱ्यांभोवतीच्या बर्फात इथेनॉल दिसलं, अ‍ॅसिटिक आम्लाची चिन्हंही मिळाली. ग्लायसिनसाठी वाट वेगळी आहे. जड रेणू सावकाश फिरतात, त्यांच्या लहरी जास्त लांबीच्या असतात, आणि तिथे हलक्या रेणूंच्या रेषांची गर्दीही कमी. दक्षिण आफ्रिकेत उभ्या राहत असलेल्या स्क्वेअर किलोमीटर अ‍ॅरे या रेडिओ दुर्बिणीच्या अँटेना नेमक्या अशाच लांब लहरी ऐकतील.