बर्फावरचे दोन खेळ आणि गार्मिशची आंद्रेआ श्यॉप

हिवाळ्यात दक्षिण जर्मनीतल्या बव्हेरियातलं एखादं तळं गोठलं, की टोपी-मफलरातली चार-आठ मंडळी त्यावर जमतात आणि बर्फावरून काहीतरी जड सरकवत बसतात. असा फोटो आला की आपल्याकडचा माणूस खात्रीने सांगतो, "हे कर्लिंग!" बहुतेक वेळा ते कर्लिंग नसतं. सरकणाऱ्या वस्तूकडे नीट बघा. मधोमध सरळ उभा दांडा असेल तर तो आइसश्टॉक. गोल दगडावर किटलीसारखी वाकडी मूठ असेल तर कर्लिंग.

घोळ व्हायला जागा मात्र आहे. ऑस्ट्रियाच्या सीमेजवळचं गार्मिश-पार्टेनकिर्शेन हे गाव दोन्ही खेळांचं. १९३६चं हिवाळी ऑलिंपिक तिथं झालं, तेव्हा यजमानांनी आपला लाडका आइसश्टॉक प्रात्यक्षिक खेळ म्हणून मांडला. आणि १९६५ साली जन्मलेली, याच गावची आंद्रेआ श्यॉप नाव काढून गेली ती कर्लिंगमध्ये. जर्मनीच्या महिला संघाची स्किप, म्हणजे कर्णधार, म्हणून ती दोनदा जगज्जेती झाली आणि सात वेळा युरोपात पहिली आली.

दोन्हीकडे चार-चार जणांचे संघ, दोन्हीकडे लक्ष्याच्या जवळ जायची धडपड, समोरच्याचा मोहरा ठोकून लांब करायची मुभाही दोन्हीकडे. गाडी वेगळ्या रुळावर जाते ती लक्ष्यापाशी. कर्लिंगचं लक्ष्य बर्फाखाली रंगवलेलं असतं: एकात एक वर्तुळं, बाहेरच्याचा व्यास ३.६६ मीटर. ते जागचं हलत नाही. आइसश्टॉकचं लक्ष्य म्हणजे डाउबे, १२ सेंटिमीटर व्यासाची रबरी चकती, नुसती बर्फावर ठेवलेली. धक्का लागला की ती सरकते आणि मघाशी सगळ्यात जवळ असलेला श्टॉक एकदम लांबचा होतो. कॅरममध्ये सोंगट्यांच्या धक्क्याने भोकच जागचं हललं असतं, तर कसं खेळला असता? तसं.

वजनातही ताळमेळ नाही. कर्लिंगचा दगड ग्रॅनाइटचा, जास्तीत जास्त १९.९६ किलोचा. स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळच्या एल्सा क्रेग या छोट्या बेटावरचा ग्रॅनाइट त्यासाठी नावाजलेला. श्टॉक त्याच्या चौथाई वजनाचा, तोही सुटा होणारा: वर दांडा, मधे धड, खाली बदलता येणारा तळ. कडक तळ सुसाट पळतो, मऊ तळ लवकर थांबतो. खेळाडू पिशवीत वेगवेगळे तळ घेऊन येतो आणि कोणता फटका मारायचाय ते बघून तळ बदलतो. याच तळांच्या जोरावर हा खेळ उन्हाळ्यात डांबरावरही चालतो. कर्लिंगवाल्यांच्या नशिबी ते सुख नाही.

कर्लिंगमध्ये तळ बदलत नाही, बर्फच बदलतात. खेळाआधी त्यावर पाण्याचे बारीक थेंब शिंपडून खडबडीत पुरळ उठवलं जातं. मूठ किंचित फिरवून सोडलेला दगड त्यावरून जाताना हळूहळू वळतो, आणि मग दोघं झाडू घेऊन त्याच्यापुढे पळत सुटतात. पहिल्यांदा बघणाऱ्याला हसू येतं, पण घासल्यामुळे बर्फाचा पृष्ठभाग किंचित तापतो, घर्षण कमी होतं, दगड लांब जातो आणि कमी वळतो. दगड हातातून सुटला तरी काम संपत नाही. पलीकडच्या टोकाला उभी असलेली स्किप ओरडून सांगते, घासा, थांबा, पुन्हा घासा. श्टॉक एकदा हातातून गेला की गेला. बव्हेरियातल्या आइसश्टॉकच्या कर्णधाराला 'मोआर' म्हणतात. तोही सूचना देतो, पण निघालेल्या श्टॉकचं तो काही करू शकत नाही. माझ्या मते दोन खेळांमधला खरा फरक हाच.

गुणांचंही बघा. आइसश्टॉकच्या एका फेरीत प्रत्येकाला एकच फटका. डाउबेच्या सगळ्यात जवळच्या श्टॉकला तीन गुण, त्याच संघाच्या पुढच्या जवळच्यांना दोन-दोन. म्हणजे चौघांचं जमलं तर नऊ. कर्लिंगच्या एका डावात प्रत्येकी दोन दगड, संघाचे आठ. केंद्राजवळ ज्याचा दगड, त्यालाच गुण, आणि प्रतिस्पर्ध्याच्या सगळ्यात जवळच्या दगडापेक्षा आपले जितके आत, तितके. शेवटचा दगड टाकण्याच्या हक्काला 'हॅमर' म्हणतात. ज्याने गुण मिळवला त्याचा हॅमर पुढच्या डावात समोरच्याकडे जातो. म्हणून हॅमर हाती असलेली स्किप एक गुण दिसत असूनही कधीकधी मुद्दाम दगड बाहेर घालवते आणि डाव कोरा सोडते, पुढच्या वेळी दोन मिळतील या हिशोबाने. हातातला एक की पुढचे संभाव्य दोन, हे गणित प्रत्येक डावात पुन्हा मांडावं लागतं. श्यॉपबाई पेशाने संख्याशास्त्राच्या, म्युनिकच्या विद्यापीठातल्या. हे कळल्यावर मला फारसं आश्चर्य वाटलं नाही.

त्यांचं पहिलं जागतिक विजेतेपद १९८८चं, ग्लासगोतलं, अंतिम सामन्यात कॅनडाला हरवून. तेव्हा जर्सीवर पश्चिम जर्मनी होतं. दुसरं आलं तब्बल २२ वर्षांनी, २०१० मध्ये, कॅनडातल्या स्विफ्ट करंट गावी. त्याच्या महिनाभर आधी व्हँकुव्हरच्या ऑलिंपिकमध्ये हाच जर्मन संघ उपांत्य फेरीच्याही आत आला नव्हता. मोनिका वाग्नर १९८८च्या संघात होती, २०१०च्याही. एवढी वर्षं दोघी एकत्र टिकल्या, हेच मला विजेतेपदाइतकं मोठं वाटतं.

ऑलिंपिकने दोन्ही खेळांना ताटकळत ठेवलं. आइसश्टॉक १९३६ नंतर १९६४ला इन्सब्रुकमध्ये पुन्हा प्रात्यक्षिक म्हणून आला आणि तिथंच राहिला. कर्लिंग १९९८ला नागानोत पूर्ण पदकांचा खेळ झालं. श्यॉपच्या संघाने ऑलिंपिकचं 'सुवर्ण' मिळवलंय, पण १९९२च्या आल्बेरव्हीलमध्ये, कर्लिंग अजून प्रात्यक्षिक असताना. त्यामुळे पदकतालिकेत ते कुठेही नाही. जर्मनीच्या खात्यात ते शोधू नका.

थोडं विषयांतर: व्हिएन्नाच्या कला संग्रहालयात चित्रकार ब्रॉयगेलचं १५६५चं चित्र आहे, बर्फातून परतणाऱ्या शिकाऱ्यांचं. खाली दरीत, गोठलेल्या तळ्यावर, बोटभर उंचीची माणसं काहीतरी सरकवताना दिसतात. कर्लिंगवाले म्हणतात आमचं, श्टॉकवाले म्हणतात आमचं. माझा कल दांड्याकडे आहे, पण पैज लावणार नाही.

स्विफ्ट करंटच्या अंतिम सामन्यात समोर स्कॉटलंड होतं. सामना जादा डावात गेला आणि जर्मनीने जिंकला. श्यॉप तेव्हा ४५ वर्षांची होती. समोरची स्किप ईव्ह म्युअरहेड १९ची. ग्लासगोत श्यॉप पहिल्यांदा जगज्जेती झाली, तेव्हा ती जन्मलीही नव्हती.