गुडघा दगा का देतो?

जिना उतरताना गुडघा अचानक वाकतो. कठडा हाताशी असला तर माणूस सावरतो, पण त्या दिवसापासून प्रत्येक पायरीवर भीती बसते. अशी तक्रार सांगितली की उत्तर ठरलेलं असतं: "झीज झाली, आता वय झालं." झीज हे एक कारण आहेच. पण तेवढ्यावर थांबलं की बरी होण्यासारखी कारणं तशीच राहून जातात.

खुब्यात मांडीच्या हाडाचं गोल डोकं खोल खोबणीत बसलेलं असतं. गुडघ्याला तशी खोबणी नाही. मांडीच्या हाडाची दोन गोलसर टोकं नडगीच्या जवळपास सपाट माथ्यावर टेकलेली असतात. त्यांना जागेवर ठेवतात ते अस्थिबंध (हाडांना जोडणारे चिवट पट्टे), कूर्चेच्या दोन गाद्या आणि स्नायू. त्यातही मांडीच्या पुढच्या बाजूचा क्वाड्रिसेप्स हा स्नायू सर्वांत महत्त्वाचा. जिना उतरताना शरीराचा भार पेलत गुडघा हळूहळू वाकू देणं हे त्याचं काम. तो क्षणभर ढिला पडला तरी गुडघा कोसळतो.

हा स्नायू केवळ बसून राहण्याने किंवा वयानेच कमजोर होतो असं नाही. सांध्यात पाणी झालं, की तिथले चेतातंतू मज्जारज्जूला तसा संदेश देतात आणि मज्जारज्जू क्वाड्रिसेप्सला मिळणारी चालना कमी करतो. कितीही जोर लावला तरी स्नायू पुरता आवळला जात नाही. निरोगी गुडघ्यात सलाइन भरून याची तपासणी झालेली आहे. अवघ्या २० ते ३० मिलीलिटर द्रवानेही वाटीच्या आतल्या बाजूचा स्नायूचा भाग मंदावतो. म्हणजे बाहेरून जेमतेम जाणवेल एवढी सूजही पुरते. मग माणूस घाबरून पाय कमी वापरतो, स्नायू बारीक होतो आणि गुडघा आणखी डळमळतो. हे चक्र पुष्कळदा दुर्लक्षित राहतं, आणि मला तेच सर्वांत नुकसानकारक वाटतं. "गुडघ्याला पूर्ण आराम द्या" हा सल्ला महिनोन्‌महिने पाळला, तर त्यातून कमजोरीच वाढते.

खेळताना पाय जमिनीवर रोवून शरीर वळलं, आतून 'कट्' असा आवाज आला आणि काही तासांत गुडघा सुजला, तर पुढचा क्रूशिएट अस्थिबंध (गुडघ्याच्या आत फुलीसारख्या छेदणाऱ्या दोन पट्ट्यांपैकी पुढचा) तुटल्याची शंका घ्यावी. असा गुडघा सरळ चालताना बरा वाटतो, पण वळताना निसटतो. गुडघा मध्येच अडकून सरळच होत नसेल, तर फाटलेली गादी सांध्यात अडकलेली असू शकते. वाटी बाहेरच्या बाजूला सरकण्याची तक्रार तरुण मुलामुलींत जास्त दिसते. संधिवातात वेदना, सूज आणि स्नायूंची कमजोरी एकत्र येतात. तिथे वजन कमी करण्याचा मोठा फायदा होतो: १ किलो वजन घटलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोने घटतो.

काही वेळा गुडघा निर्दोषच असतो. कमरेतली चकती सरकून मांडीच्या स्नायूकडे जाणारी नस दाबली गेली, तर गुडघा न दुखताही वाकतो. मांडीच्या पुढच्या भागात बधिरपणा असेल तर कंबर तपासायलाच हवी. 'ड' जीवनसत्त्वाची मोठी कमतरता, थायरॉईडचे विकार, दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड, मधुमेहातला चेतांचा आजार यांमुळेही मांड्यांतली ताकद जाते. खुर्चीतून हाताचा आधार घेतल्याशिवाय उठता येत नाही, ही त्याची साधी खूण. इथे गुडघ्याचा एक्स-रे काढून हाती काही लागत नाही.

दोन्ही पायांत झपाट्याने अशक्तपणा आला, लघवी-शौचावरचा ताबा सुटला, किंवा जांघेत आणि बसण्याच्या जागेत बधिरपणा आला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. गुडघा गरम, लाल होऊन ताप आला असेल तरीही थांबू नये.

बाकी बहुतेकांसाठी उपचाराचा पाया व्यायाम हाच आहे. फिजिओथेरपिस्ट आधी सूज उतरवतात आणि पडल्या पडल्या मांडी आवळायला, सरळ पाय उचलायला शिकवतात. मग खुर्चीतून उठबस, आणि शेवटी एका पायावर तोल सांभाळणं. फरक जाणवायला काही आठवडे लागतात. स्नायू पूर्ववत व्हायला काही महिने जातात, आणि मध्येच दुखणं थांबलं म्हणून अनेकजण नेमके तिथेच व्यायाम सोडतात.