जेवणानंतरची साखर आणि वनस्पतींचे अर्क: पार्श्वभूमी

जुलै १९८२ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ‘स्टार्च ब्लॉकर’ गोळ्यांची विक्री थांबवायला सांगितली. राजम्याच्या अर्काच्या या गोळ्या तोवर तिथे धडाक्यात खपत होत्या. जेवणाआधी गोळी घ्या, मग पाव-बटाटा खाल्ला तरी अंगी लागणार नाही, असा प्रचार होता. जेवणानंतर साखर चढू नये म्हणून आज जे वनस्पतिजन्य सप्लिमेंट्स विकले जातात, त्यांची कुळकथा इथून सांगितलेली बरी.

मुळातली कल्पना चुकीची नव्हती. पिष्टमय पदार्थ लाळेतल्या आणि स्वादुपिंडातल्या अमायलेज या विकराने तुटतात, मग लहान आतड्याच्या भिंतीवरची विकरं त्यांची साखर करतात. यातली एक पायरी अडवली की साखर रक्तात सावकाश उतरते. अमायलेजला अडवणारं प्रथिन १९७५ मध्ये राजम्यातून शुद्ध स्वरूपात वेगळं केलं गेलं होतं. बाजार मात्र संशोधनाच्या पुढे धावला. १९८२ च्याच अखेरीस एका चाचणीत १०० ग्रॅम स्टार्च असलेलं स्पॅगेटी आणि पावाचं जेवण देऊन मलातून बाहेर पडणारे उष्मांक मोजले. खरी गोळी घ्या की खोटी, आकडा तोच. पुढे १९८० च्याच दशकात मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी हाच अर्क बराच शुद्ध आणि तीव्र करून दिला, तेव्हा जेवणानंतरची साखर खरोखर कमी चढली. म्हणजे वनस्पती तीच. फरक मात्रेचा आणि शुद्धतेचा.

तुतीची वाट वेगळी. तिच्यातलं डीऑक्सीनोजिरिमायसिन आतड्याच्या भिंतीवरच्या विकरांना अडवतं. त्याच रेणूत बदल करून मिग्लिटॉल हे मधुमेहावरचं औषध बनलं आणि १९९६ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. न पचलेला स्टार्च मोठ्या आतड्यात गेला की तिथले जिवाणू त्याचा वायू करतात, म्हणून ही औषधं घेणारे पोट फुगल्याची तक्रार करतात.

आहारातल्या तंतूंचा (फायबरचा) मार्ग सर्वांत साधा. संशोधक डेव्हिड जेंकिन्स आणि सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात गवारीच्या बियांच्या डिंकावर काम केलं आणि १९७८ मध्ये दाखवलं, की साखर कमी चढण्याचा परिणाम डिंकाच्या चिकटपणामुळे होतो. चिकटपणा घालवलेला डिंक निकामी ठरतो. याच जेंकिन्सनी १९८१ मध्ये ग्लायसेमिक इंडेक्स मांडला आणि ‘जेवणानंतर साखर किती चढते’ हे पदार्थागणिक मोजायची सवय लागली.

मेटफॉर्मिन या मधुमेहावरच्या औषधाचा दाखला या चर्चेत हमखास येतो. त्याचं नातं गॅलेगा या वनस्पतीशी आहे हे खरं, पण ते मुख्यतः यकृतातून होणारी साखरनिर्मिती कमी करतं. जेवणातल्या स्टार्चशी त्याचा फारसा संबंध नाही.

१९९४ च्या अमेरिकी कायद्याने सप्लिमेंट्सना औषधांपासून वेगळं काढलं. परिणामकारकता सिद्ध करून विक्रीआधी मंजुरी घ्यायची गरज उरली नाही, मात्र रोग बरा करण्याचा दावाही करता येत नाही. बाटलीवर ‘साखरेची निरोगी पातळी राखण्यास मदत’ अशी गुळगुळीत भाषा दिसते ती त्यामुळेच.