सांडपाण्यातलं नत्र शेवाळाच्या पोटात

खत कारखान्यात हवेतल्या नत्रापासून अमोनिया बनवायचा तर ४०० ते ५०० अंश सेल्सिअस तापमान आणि हवेच्या नेहमीच्या दाबाच्या शंभरपटीहून जास्त दाब लागतो. एवढा खटाटोप करून शेतात टाकलेलं नत्र अन्नावाटे सांडपाण्यात येतं. मग अनेक शुद्धीकरण केंद्रांत पुन्हा वीज खर्चून, जिवाणूंकरवी ते हवेत सोडून दिलं जातं! पिकांना लागणाऱ्या स्फुरदाचं (फॉस्फरसचं) दुखणं वेगळंच: ते खडकातून खणून काढावं लागतं आणि असे खडक मोजकेच आहेत.

क्लोरेला, सेनेडेस्मस यांसारखी हिरवी सूक्ष्म शैवालं सांडपाण्यातलं हे नत्र आणि स्फुरद पाण्यातच अडवू शकतात, आणि मग तेच शैवाल खत म्हणून शेतात टाकता येतं. त्यांच्या पेशी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढ्या किंवा त्याहून लहान. वीतभर-दीडवीत खोल उथळ तळ्यात सांडपाणी सोडायचं आणि वल्ह्यांच्या चाकानं ते संथ फिरवत ठेवायचं, म्हणजे प्रत्येक पेशीला आळीपाळीनं ऊन मिळतं. जिवाणू घाण कुजवून कार्बन डायऑक्साइड सोडतात, शैवाल तो घेऊन ऑक्सिजन देतं आणि तोच जिवाणूंना लागतो. पंपानं हवा भरण्याचा खर्च त्यामुळे बराच वाचतो. अमेरिकेत विल्यम ऑस्वाल्ड यांनी १९५०च्या दशकात अशा तळ्यांचा पाया घातला.

भातशेतीतल्या नील-हरित शेवाळाशी मात्र याची गल्लत नको. ते हवेतलं नत्र बांधतं. हिरव्या शैवालाला ते जमत नाही. पाण्यात विरघळलेलं अमोनियम किंवा नायट्रेटच ते उचलतं. म्हणून तर सांडपाणी त्याला मानवतं. अर्थात, अमोनिया फार झाला तर तो विषारी ठरतो. जनावरांच्या मलमूत्राची गडद स्लरी तर उजेडही अडवते, त्यामुळे ती पातळ करूनच वापरावी लागते.

खरी अडचण वाढवण्यात नाही, काढण्यात आहे. तळ्याच्या एका लिटर पाण्यात जेमतेम अर्धा ग्रॅम सुकं शैवाल असतं आणि पेशी इतक्या हलक्या की सहजी तळाशी बसत नाहीत. शैवालापासून इंधन काढण्याच्या योजना रखडल्या, त्यात या खर्चाचा मोठा वाटा होता. माझ्या मते खताचा मार्ग इथेच सरस ठरतो. खताला तेलासारखी शुद्धता लागत नाही की एकाच जातीचं शैवाल लागत नाही. पेशींचे पुंजके बनवून तळाशी बसवले की शेत जवळ असल्यास तो गाळ ओलाच वापरता येतो.

सुक्या शैवालात साधारण ५ ते १० टक्के नत्र आणि टक्काभर स्फुरद असतं. युरियातल्या ४६ टक्के नत्रापुढे हे थोडं वाटेल. पण शैवालातलं बहुतेक नत्र प्रथिनांत अडकलेलं असतं. मातीतले जिवाणू ते फोडतील तसतसं पिकाला मिळत जातं, आणि एका जोरदार पावसात सगळं वाहून जाण्याची भीती कमी होते.

एक पथ्य मात्र पाळावंच लागतं. शैवालाच्या पेशींना कॅडमियम, शिसं असे जड धातूही चिकटतात. त्यामुळे दुग्धप्रक्रिया किंवा अन्नप्रक्रियेचं पाणी सोयीचं. रासायनिक उद्योगांचं पाणी मिसळत असेल, तर त्यावरचं शैवाल खत म्हणून न वापरलेलंच बरं. घरगुती सांडपाण्यावर वाढवलेलं असेल, तर शेतात टाकण्याआधी रोगजंतूंचाही बंदोबस्त करावा लागतो.