संरक्षित स्मारकाजवळचा जुना वाडा: दुरुस्तीची परवानगी कोणाला, कशी आणि कोणत्या कागदांवर मिळते

शनिवारवाड्याच्या आसपास, शनिवार आणि कसबा पेठेत, एक वाक्य वर्षानुवर्षं ऐकू येतं: "इथं खिळासुद्धा ठोकता येत नाही." या समजापायी चांगले सागवानी वाडे दर पावसाळ्यात थोडे थोडे खचत गेले आहेत. कायदा असं म्हणत नाही. स्मारकापासून शंभर मीटरच्या आत नवं घर बांधता येत नाही आणि जुनं पाडून त्याच जागी पुन्हा उभारता येत नाही, हे खरं आहे. पण उभं असलेलं घर दुरुस्त करण्यासाठी अर्ज करण्याची वाट त्याच कायद्याने मालकाला ठेवलेली आहे. ती वापरली जात नाही, हे मला फार खुपतं.

कायदा म्हणजे प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे आणि अवशेष अधिनियम, १९५८. त्यात २०१० साली मोठी दुरुस्ती झाली आणि राष्ट्रीय स्मारक प्राधिकरण अस्तित्वात आलं. केंद्र सरकारने संरक्षित केलेल्या स्मारकाच्या हद्दीपासून चहूबाजूंनी १०० मीटर हे प्रतिबंधित क्षेत्र आणि त्यापुढचे २०० मीटर हे विनियमित क्षेत्र. पुण्यात शनिवारवाडा आणि पाताळेश्वर, सिन्नरला गोंदेश्वर, अंबरनाथचं शिवमंदिर, पन्हाळा, चंद्रपूरचा किल्ला अशा सगळ्या ठिकाणी हाच नियम आहे. राज्य संरक्षित स्मारकांचा कायदा वेगळा आहे, त्यामुळे जवळचं स्मारक केंद्राचं की राज्याचं हे आधी पाहून घ्या. अंतर मोजायचं ते स्मारकाच्या इमारतीपासून नाही, तर संरक्षित हद्दीपासून. त्यामुळे "आमचं घर दरवाजापासून दीडशे मीटरवर आहे" हा हिशेब अर्जात चालत नाही.

अर्ज कोण करू शकतं

प्रतिबंधित क्षेत्रातल्या दुरुस्तीसाठी कलम २०सी(१) पाहावं लागतं. त्यात दोन अटी आहेत. एक, घर १६ जून १९९२ च्या आधीपासून उभं असलं पाहिजे, किंवा त्यानंतर बांधलं असेल तर पुरातत्त्व खात्याच्या महासंचालकांच्या मंजुरीने बांधलेलं असलं पाहिजे. दोन, अर्जदार त्या घराचा मालक असला पाहिजे. विनियमित क्षेत्रासाठीच्या पोटकलमात "मालक किंवा ताबेदार" असे शब्द आहेत, प्रतिबंधित क्षेत्रासाठी फक्त मालक. पेठेतल्या वाड्यांत दोन-तीन पिढ्यांचे भाडेकरू असतात आणि पुष्कळदा गळतं त्यांच्याच खोलीत, म्हणून हा फरक महत्त्वाचा. भाडेकरूने स्वतःच्या नावाने अर्ज टाकून उपयोग नाही. त्याने महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ खाली मालकाला लेखी नोटीस द्यावी. घर राहण्याजोगं ठेवणं ही मालकाची जबाबदारी आहे. किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही मालक हलला नाही, तर भाडेकरू दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, पण वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. जुन्या वाड्यांतलं भाडं पाहता ही रक्कम फारच किरकोळ होते. शिवाय स्मारकाजवळ परवानगीचा प्रश्न उरतोच. म्हणून मालक आणि भाडेकरू एकत्र बसले तरच काम पुढे सरकतं.

दुरुस्ती कुठे संपते

सगळं प्रकरण इथे ठरतं. कायद्याच्या व्याख्येप्रमाणे दुरुस्ती व नूतनीकरण म्हणजे आधीपासून असलेल्या वास्तूत केलेले फेरबदल, आणि त्यात बांधकाम किंवा पुनर्बांधणी येत नाही. पुनर्बांधणी म्हणजे पूर्वीच्याच लांबी-रुंदी-उंचीत पुन्हा उभारणी. म्हणजे "होतं तसंच बांधतोय, एक इंचही वाढवत नाही" हा बचाव नाही. तीच तर पुनर्बांधणी आहे आणि शंभर मीटरच्या आत तिला परवानगी नाही.

आता पावसाळ्याआधीचं नेहमीचं चित्र घ्या. महापालिका धोकादायक वाड्यांना महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली नोटिसा काढते. घाबरून किंवा भाडेकरू निघतील या आशेने मालक वाडा उतरवतो. मोकळी झालेली ती जागा प्रतिबंधित क्षेत्रात असेल, तर दुरुस्त करायला घरच उरत नाही आणि नवं बांधता येत नाही. हे नुकसान पुढच्या पिढीलाही भरून काढता येणार नाही. म्हणून २६४ ची नोटीस आली की ताबडतोब परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. धोक्याच्या भागाला टेकू द्या, गरज असेल तर तेवढ्या खोल्या रिकाम्या करा, आणि नोटिशीला लेखी उत्तर द्या: कोणता भाग धोकादायक आहे, तो कसा सावरला आहे, दुरुस्तीचा अर्ज कधी केला आहे. इंजिनिअरचा अहवाल सोबत जोडा. नोटिशीकडे दुर्लक्ष करू नका, आत माणसं राहतात. पण पाडणं हा पहिला उपाय नाही.

कागद

मालकीसाठी नगर भूमापन कार्यालयाची अलीकडची मिळकत पत्रिका लागते. ती डिजिटल स्वाक्षरीसह ऑनलाइनही मिळते. पत्रिकेवर अजून आजोबांचंच नाव असेल, तर आधी मृत्यूचे दाखले आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र देऊन वारसनोंद करून घ्या. वेळ सगळ्यात जास्त खातं ते हेच काम, म्हणून इंजिनिअर शोधण्याआधी ते सुरू करा. पत्रिकेवर सात नावं असतील तर सातही जणांची लेखी संमती हवी. परदेशात असलेल्या हिस्सेदाराने तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित केलेलं कुलमुखत्यारपत्र पाठवावं. ते महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर इथलं मुद्रांक शुल्क भरलं पाहिजे, ही मुदत बऱ्याच घरांत हुकते.

दुसरा गट पुराव्याचा: घर १९९२ च्या आधीचं आहे हे दाखवणारा. वाडा शंभर वर्षांचा आहे हे गल्लीत सगळ्यांना माहीत असतं, पण फाइलला कागद लागतो. महापालिकेचा जुना कर आकारणी उतारा उत्तम. त्याशिवाय नोंदणीकृत खरेदीखत किंवा वाटणीपत्र, जुनी वीजबिलं, पूर्वी कधी मंजूर झालेले नकाशे, नगर भूमापनाचा नकाशा. यातले शक्य तितके जोडा. तारखा ठळक दिसतील अशा प्रती काढा.

तिसरा गट तांत्रिक: स्मारकाच्या हद्दीपासून अंतर दाखवणारा स्थळनकाशा, प्रत्येक मजल्याचा आराखडा, दर्शनी बाजूचं आणि छेदाचं रेखाचित्र, आणि उंची. उंची द्यायची ती जिन्याची छत्री, कठडा, पाण्याची टाकी धरून किती आणि सोडून किती, अशी दोन्ही. सोबत फोटो: चारी बाजूंनी घराचे, स्मारकाच्या दिशेचे, आणि बिघाड झालेल्या प्रत्येक जागेचे.

कामाचं वर्णन कसं लिहायचं

अर्ज अडकतो तो बहुधा या रकान्यात. "जुन्या घराचे संपूर्ण नूतनीकरण" असं लिहिलं की वाचणाऱ्याला पुनर्बांधणीचा वास येतो, आणि तो चुकीचा नसतो. एकेका जागेचं, मापासकट लिहा. नमुन्यादाखल:

"पहिल्या मजल्यावर पश्चिमेकडील दुसऱ्या खणातील दोन सागवानी तुळयांची भिंतीत गेलेली टोके पाणी मुरून कुजली आहेत. तुळया टेकूवर घेऊन कुजलेला भाग कापून त्याच जाडीच्या सागवानाचा जोड देणे. त्याच खणावरील फुटलेली कौले व कुजलेले वासे बदलणे. पन्हळ नवीन बसवणे. चौकाकडील भिंतीचा सुटलेला गिलावा काढून चुन्याचा गिलावा करणे. इमारतीची लांबी, रुंदी, उंची, मजले व वापर यांत बदल नाही."

यात काय आहे ते पाहा. जागा, कारण, उपाय, सामान, आणि शेवटी काय बदलणार नाही हे स्पष्ट. चुन्याचा उल्लेख शोभेसाठी नाही. माती आणि चुन्यात बांधलेल्या जुन्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला की आतली ओल बाहेर पडायची वाट बंद होते, आणि ती तुळईच्या टोकांकडे सरकते. दोन-तीन पावसाळ्यांत तीच दुरुस्ती पुन्हा काढावी लागते. भिंतीच्या आतला लाकडी सांगाडा शाबूत असेपर्यंत वाडा वाचवता येतो, म्हणून पैसे कमी असतील तर आधी कौलं आणि पन्हळ, मग तुळया, आणि फरशी-रंग शेवटी.

आतल्या सजावटीबद्दल खूप विचारणा होते. खोल्यांना रंग, दिव्यांचं वायरिंग, लाकडाला पॉलिश, कोनाड्यांत फळ्या: यात वास्तूत फेरबदल होत नाही, असं माझं वाचन आहे. पण भिंत काढून दोन खोल्यांची एक करणं, माळ्याला स्लॅब टाकणं, चौकावर पत्रा घालून दिवाणखाना करणं ही रंगकामाच्या नावाखाली उरकायची कामं नव्हेत. चौक झाकणं तर सरळ नवं बांधकाम ठरू शकतं. परवानगीशिवाय प्रतिबंधित क्षेत्रात बांधकाम केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. विनियमित क्षेत्रातही तेवढीच.

अर्ज आणि मुदती

अर्ज राज्यासाठी नेमलेल्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे, राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाच्या ऑनलाइन ना-हरकत प्रणालीतून जातो. जागेचं अंतर टिपण्यासाठी इस्रोच्या मदतीने तयार केलेलं 'स्मारॅक' नावाचं मोबाइल अ‍ॅप आहे. घराचे कोपरे त्यात नीट टिपा, कारण ती नोंद आणि तुमचा स्थळनकाशा जुळले नाहीत की शंका निघते.

कलम २०डी प्रमाणे सक्षम प्राधिकाऱ्याने पंधरा दिवसांत अर्ज प्राधिकरणाकडे पाठवायचा, प्राधिकरणाने दोन महिन्यांत शिफारस कळवायची, आणि ती मिळाल्यावर महिन्याभरात परवानगी किंवा नकार द्यायचा. नकार द्यायचा असेल तर अर्जदाराला बाजू मांडायची संधी देऊन, लेखी. म्हणून तारखांची नोंद ठेवा, शंकेचं पत्र आलं तर त्याच आठवड्यात उत्तर द्या, आणि मुदत उलटली तर अर्ज क्रमांक टाकून लेखी विचारा. प्राधिकरणाची शिफारस अंतिम असते, म्हणून कागद पहिल्याच वेळी पूर्ण द्यायला हवेत.

घर १०० ते ३०० मीटरच्या पट्ट्यात असेल तर अर्ज याच वाटेने जातो, पण तिथे पुनर्बांधणी आणि नवं बांधकामही मागता येतं. उंचीचा प्रश्न तिथे येतो.

कायदा बदलणार म्हणून थांबलेली घरंही आहेत. लोकसभेने जानेवारी २०१८ मध्ये एक दुरुस्ती विधेयक मंजूर केलं होतं, ते पुढे राज्यसभेत प्रवर समितीकडे गेलं. ते केंद्र सरकारच्या सार्वजनिक कामांपुरतं होतं. खासगी घरांसाठी त्यात काही नव्हतं. त्याच्या आशेवर कौलं फुटकी ठेवू नका.

ना-हरकत मिळाल्यावर

ही परवानगी महापालिकेच्या परवानगीची जागा घेत नाही. प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम ४३ प्रमाणे फक्त आतल्या भागापुरत्या किंवा बाहेरच्या रूपात विशेष फरक न पडणाऱ्या देखभालीच्या कामांना नियोजन प्राधिकरणाची परवानगी लागत नाही. पण तुळया आणि छपराचं काम असेल तर बांधकाम विभागाकडून लेखी घ्या. वाडा स्वतः महापालिकेच्या वारसा यादीत असेल, तर वारसा समितीचा टप्पाही येतो.

काम सुरू झालं की ना-हरकतीची आणि मंजूर नकाशांची प्रत वाड्यातच ठेवा, मिस्त्रीला ती वाचून दाखवा. गिलावा उतरवल्यावर लिहिलेल्या दोन तुळयांऐवजी पाच कुजलेल्या निघणं नेहमीचं आहे. तिथे हात थांबवा, टेकू द्या, फोटो काढा, इंजिनिअरकडून पुरवणी अहवाल घ्या आणि सुधारित अर्ज करा. परवानगीबाहेरचं काम दिसलं आणि त्याने स्मारकाला बाधा येते असं वाटलं, तर दिलेली परवानगी मागे घेण्याची तरतूद कायद्यात आहे, आणि तेव्हा छप्पर उघडं असेल.