इंजेक्शन ‘गरम’ पडत नाही

प्रोस्टेटचा कर्करोग उलटला, हार्मोनचं इंजेक्शन सुरू झालं, की आपल्याकडे वऱ्हाडात एक तक्रार हमखास येते: “हे इंजेक्शन लय गरम पडते जी.” पहाटेच्या गारव्यात ओट्यावर बसलेल्या माणसाच्या छातीतून कानशिलापर्यंत एकदम आग चढते, बनियन भिजते आणि थोड्याच वेळात तोच माणूस दुपट्टा ओढून कुडकुडतो. मग सब्जा, धन्या-जिऱ्याचं पाणी, कुणा महाराजाची पुडी आणि शेवटी पुढचं इंजेक्शन बुडवणं. सब्जाने काही बिघडत नाही. पुडीत काय असतं ते महाराजच जाणे. इंजेक्शन बुडवणं मात्र महागात पडतं.

हा रोग टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकावर (हार्मोनवर) पोसतो, हे डॉक्टर चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवलं. त्यासाठी १९६६ चं नोबेल मिळालं. म्हणून ते संप्रेरक अगदी तळाला नेतात, इंजेक्शनने किंवा वृषण काढून. गंमत अशी, की वृषण काढलेल्यांनाही हीच आग होते आणि त्यांना तर इंजेक्शन दिलेलंच नसतं!

खरी भानगड मेंदूत आहे. तिथला हायपोथॅलॅमस नावाचा भाग शरीराचं तापमान दोन मर्यादांमध्ये राखतो: वरची ओलांडली की घाम, खालची ओलांडली की कापरं. शेजारीच किस्पेप्टिन, न्यूरोकायनिन-बी आणि डायनॉर्फिन बनवणाऱ्या चेतापेशी असतात. त्यांना आवर घालतं मुख्यतः इस्ट्रोजेन हे संप्रेरक. पुरुषाच्या शरीरात ते टेस्टोस्टेरॉनपासूनच बनतं. ते आटलं, की या पेशी बेफाम होतात, दोन मर्यादांमधलं अंतर आक्रसतं आणि किंचित उष्णता वाढली तरी मेंदू घामाचा हुकूम सोडतो. घामाने शरीर नको तितकं निवतं, म्हणून मागून थंडी.

हाडंही याच इस्ट्रोजेनअभावी ठिसूळ होतात. तेव्हा “म्हातारपण आहे” म्हणून खाटेवर पडून राहू नये. झेपेल तसं चालणं आणि वजन उचलण्याचा व्यायाम थकवाही कमी करतो.

या आगीवर औषधं आहेत. त्यातलं ऑक्सिब्युटिनिन हे लघवीच्या तक्रारीवरचं जुनं औषध. पण ते घामच रोखतं आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो. घाम न येता उन्हात राबणं म्हणजे उष्माघाताला आवतण. तेव्हा वावरात जाणं होतं का, हे डॉक्टरांनी विचारलं नाही तरी आपण होऊन सांगावं.