यांत्रिक गजराचे मनगटी घड्याळ

किल्ली दिल्यावर चालणारे आणि लावलेल्या वेळी आतल्या हातोडीने स्वतःच्याच केसवर (बाहेरच्या कवचावर) ठोके देऊन गजर करणारे मनगटी घड्याळ. यात बॅटरी नसते. साध्या घड्याळात एक स्प्रिंग असते, यात बहुधा दोन असतात : एक वेळेची आणि दुसरी गजराची. गजराला थोड्याच सेकंदांत बरीच ताकद लागते. ती वेळेच्या स्प्रिंगमधून घेतली तर घड्याळ मागे पडेल, म्हणून ही वेगळी सोय.

एटर्ना या स्विस कंपनीने अशा घड्याळाचे पेटंट १९०८ साली घेतले आणि १९१४ मध्ये ते बाजारात आणले. खरी अडचण आवाजाची होती. केस मनगटाला टेकली की ठोका दबतो. यावर व्हल्केन कंपनीने १९४७ च्या ‘क्रिकेट’ घड्याळात उपाय काढला. हातोडी आतल्या पातळ पडद्यावर आपटते आणि त्याच्या बाहेर भोके पाडलेले दुसरे झाकण असते, त्यामुळे आवाज हातात न मुरता बाहेर पडतो. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांना हे घड्याळ भेट मिळाल्याने त्याचा बोलबाला झाला. यझेर-लकुल्त्रचे ‘मेमोव्हॉक्स’ १९५० चे. १९५६ मध्ये त्याची ऑटोमॅटिक, म्हणजे मनगटाच्या हालचालीने आपोआप किल्ली बसणारी, आवृत्ती निघाली. जपानमध्ये सिटिझनने १९५८ साली असे घड्याळ, तर सैकोने १९६६ साली ‘बेल-मॅटिक’ आणून हा प्रकार सामान्य गिऱ्हाइकापर्यंत नेला. पुढे बॅटरीवरचे क्वार्ट्झ आले आणि गजर फुकटात मिळू लागला.

संग्राहकाच्या दृष्टीने सर्वांत शिकवणारे मशीन (घड्याळाची आतली यंत्रणा) म्हणजे ए. शिल्ड या स्विस कंपनीचे १४७५ आणि त्याच्या धर्तीवर मॉस्कोत बनलेले पोल्योत २६१२. शिल्डचे मशीन अनेक स्विस नावांच्या डायलीखाली सापडते. दोन्हीत बॅलन्स (मागेपुढे झुलून वेळेचा ताल ठरवणारे चाक) तासाला १८,००० ठोके देतो, म्हणजे सेकंदाला पाच. किल्ल्या दोन : चारच्या आकड्याजवळची वेळेची, दोनच्या आकड्याजवळची गजराची.

गजर नेमका कसा सुटतो, हा या मशीनचा गाभा. डायलच्या खाली तासाचे चाक असते आणि त्याच्याशी लागून गजराच्या काट्याचे चाक. एकाला खाच, दुसऱ्याला उंचवटा. दिवसभर उंचवटा सपाट भागावरून सरकत राहतो. तास-काटा गजराच्या काट्याशी आला की उंचवटा खाचेत पडतो आणि पट्टीच्या दाबाने तासाचे चाक केसभर वर उचलले जाते. तेवढ्या हालचालीने हातोडीला अडवणारा दांडा बाजूला होतो. मग गजराची स्प्रिंग दातेरी चाक फिरवते, चाकाचे दाते हातोडीला या बाजूने त्या बाजूला ढकलतात आणि बॅकच्या, म्हणजे मागच्या झाकणाच्या, आत बसवलेल्या खुंटीवर ठोक्यांची सर लागते. हातोडीला लगाम घालायला वेगळा बॅलन्स नाही. तिचे वजनच वेग ठरवते. स्प्रिंग उतरली की गजर आपोआप थांबतो.

यातूनच या घड्याळाच्या मर्यादाही कळतात. तासाचे चाक मिनिटाला अर्धाच अंश फिरते, म्हणजे पाच मिनिटांत अडीच अंश. इतक्या बारीक फरकावर खाच ओळखायची असल्याने गजर दोन-चार मिनिटे पुढेमागे होतोच. याला दोष मानू नये. चाकाची फेरी बारा तासांची असल्याने उद्या दुपारचा गजर आज सकाळी लावता येत नाही. आणि १४७५ जातीच्या मशीनमध्ये गजराचा काटा घड्याळाच्या उलट दिशेनेच फिरवायचा असतो. सुलट दिशेला जोर केला तर खाचेची कड झिजते.

होळकरांच्या चाकरीत आलेल्या मराठी घराण्यांचे इंदूर हे घड्याळे जपणारे शहर आहे. १९०४ साली बांधलेल्या गांधी हॉलला लोक आजही घंटाघर म्हणतात. आजोबांच्या पेटीत निघालेले घड्याळ राजवाड्याच्या आसपासच्या एखाद्या घडीसाजाकडे ऑइलिंगला न्यावे, आणि तिथूनच छंद जडावा, ही इथल्या संग्रहाची नेहमीची वाट. माळव्याच्या कोरड्या उन्हाळ्यात, धुळीत वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या मशीनमधले तेल सुकून घट्ट होते. वेळेचा भाग कसाबसा चालतो, गजर मात्र रखडतो, कारण तो कुणी वर्षानुवर्षे वाजवलेलाच नसतो.

म्हणून घेण्याआधी गजर वाजवून ऐकावा. डायलवर फार विसंबू नये : आपल्याकडे जुन्या डायली सर्रास नव्याने रंगवल्या जातात, अक्षरे जाडी होतात, दोन किल्ल्यांच्या घड्याळावर दुसऱ्याच कंपनीचे नाव येते. मशीनला असा रंग चढवता येत नाही. पूर्ण किल्लीवर पोल्योतचा गजर दहा-बारा सेकंद तरी एकसारखा वाजला पाहिजे. शेवटी आवाज मंदावणे ठीक; मध्येच अडखळला तर घाण आहे किंवा दाते झिजले आहेत.

मग बॅक उघडायला सांगावे. बॅक काढून गजर सोडला तर हातोडी हवेतच थरथरते आणि नुसती घरघर ऐकू येते. झाकणाशिवाय या घड्याळाला आवाजच नाही, हे त्या क्षणी डोळ्यांना दिसते. भिंगातून खुंटीचे टोक पाहावे. हातोडी जिथे आपटते तिथे चकचकीत ठिपका असतो. ठिपका लहान आणि एका जागी असेल तर घड्याळ नीट बसवले गेले आहे. टोकावर दोन-तीन खुणा असतील तर बॅक कधीतरी फिरवून चुकीच्या जागी दाबली गेली आहे. खुंटी सैल असली तर गजर भांड्यासारखा फुटका वाजतो. ती पुन्हा घट्ट करता येते, पण हे काम घाईत होत नाही आणि जुन्या मशीनवर हात बसलेल्या कारागिराकडेच द्यावे.